एक तर तो, नाही तर ती

"आत्या, आजोबा नाहीत गं!"

भाचीचा आवाज इतका बारीक झाला होता की बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. कुणाच्या तरी घरी वाईट घडलं, असंच त्यांना वाटलं.

"कुणाचे आजोबा? नीट सांग."

"आपले! स्टुडिओतले. कानटोपी जागेवर आहे आणि खाली आजोबाच नाहीत. धाकट्या मालकांनी दाराला कुलूप घातलंय. आम्हा दोघांच्याही चाव्या काढून घेतल्या. म्हणतात, एक तर तू, नाही तर कानसेन. दोघांतलं कुणी तरी कबूल होईपर्यंत—"

खाडकन आवाज झाला. फोन तिने ठेवला नव्हता. तिच्या हातून घेऊन कुणी तरी आपटला होता.

बाईंनी चपला पायात सरकवल्या आणि चहाचा कप तसाच ठेवून त्या निघाल्या.

बाई निवृत्त झाल्या होत्या, पण शिकवणं काही सुटलं नव्हतं. लहान मुलांसाठी इंग्रजीचे धडे त्या लिहायच्या. ते धडे एका तळघरातल्या स्टुडिओत रेकॉर्ड व्हायचे. धड्यांना आवाज भाचीचा असायचा. यंत्रं सांभाळणारा तरुण इतका तिखट कानाचा होता की त्याचं खरं नाव मागे पडून तो सगळ्यांचा कानसेन झाला होता. भाचीचं आणि त्याचं लग्न ठरलं होतं. म्हणजे कालपर्यंत तरी ठरलेलं होतं.

आणि आजोबा म्हणजे एक जुना मायक्रोफोन. थोरल्या मालकांनी, म्हणजे धाकट्यांच्या वडिलांनी, तरुणपणी हौसेने घेतलेला. त्याच्या पोटात धातूची एक पट्टी होती, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. तीच आवाज पकडायची. तिच्यामुळे माणसाचा आवाज असा यायचा, जणू शेजारी बसून बोलतोय. पण पट्टी फार नाजूक. कुणी जोरात फुंकर मारली तरी जायची. रेकॉर्डिंगच्या बंद खोलीचं जाड दार जोरात लोटलं तर आतल्या हवेचा धक्कासुद्धा तिला पुरे होता.

म्हणून थोरल्या मालकांचा नियम होता, आधी आजोबांना कानटोपी, मग दार. कानटोपी म्हणजे जाड, भरलेल्या कापडाची टोपी. काढून ठेवली तरी तिचा आकार मोडत नसे.

दुसरा नियम शांततेचा. रोजचं काम संपलं की रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. चुका कापल्या की मध्ये भोकं पडतात, त्यांना ठिगळ लावायला ती लागते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, म्हणून ठिगळ त्याच खोलीचं हवं. त्या वेळी आजोबा उघडे, आतले दिवे बंद, बाहेर लाल दिवा चालू, आणि तळघरात माणूस नको. कानसेन यंत्र सुरू करायचा आणि तळघराचं जड दार ओढून घेऊन सगळे वर जिन्याच्या तोंडाशी चहा प्यायला जायचे.

उद्या थोरल्या मालकांच्या घशाचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. म्हणून आज दुपारी ते येणार होते. शेवटचं एकदा आजोबांसमोर बसून पहिला धडा स्वतःच्या आवाजात वाचायला.

आणि नेमके आजच आजोबा नव्हते.

*

स्टुडिओच्या गल्लीत बाई थबकल्या. रस्ता आडवा खणलेला. पाइप टाकायचं काम चाललं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत चर आणि दोन्ही बाजूंना पिवळ्या मातीचे ढीग. इमारतीच्या दाराशी जायला एक फळी टाकली होती.

"हात द्या, आजी," एक मजूर म्हणाला. "सांभाळून. सकाळपासनं तिघे घसरलेत."

"काल तर काहीच नव्हतं इथे!"

"पहाटे कुदळ मारली. आता दोन दिवस सायकलसुद्धा नाही जायची आत."

बाई फळीवरून पलीकडे गेल्या. चपलांना पिवळा चिखल लागला. जिना उतरून खाली आल्या, तर तळघराचं लोखंडी दार बंद. त्यांनी कडी वाजवली. आतून कुलूप निघालं, दार उघडलं, त्या आत शिरल्या, आणि मागे दार धाडकन बंद झालं. पुन्हा कुलूप.

"बरं झालं आलात, बाई," धाकटे मालक म्हणाले. "तुमच्या भाचीला जरा समजवा."

बाईंनी त्यांना लहानपणी शिकवलं होतं. अजूनही त्या त्यांना अरे-तुरेच करत. मालकांचे डोळे तांबारले होते, शर्ट चुरगळला होता. तळघराला खिडकी नव्हती. हवा कोंदट होती. मोबाइल इथे मुका व्हायचा. बाहेरच्या जगाशी बोलायला टेबलावरचा एक फोन होता, आणि मालकांनी त्याची वायर काढून खिशात घातली होती.

"अरे, तू कुलूप कशाला लावलंस?"

"चोर पळायला नको."

"आणि मी? मीही चोर?"

"तसं नव्हे, बाई. पण सरळ हिशोब आहे. या दाराच्या चाव्या दोनच. संध्याकाळी तो बंद करतो, सकाळी ती उघडते. दार फोडलेलं नाही. म्हणजे एक तर तो, नाही तर ती."

बाईंनी मान डोलावली. त्या खाली वाकून चपलांचा चिखल पायपुसण्यावर घासत होत्या.

"तू कधी आलास आज?"

"ती आली त्याच्या मागोमाग. रिक्षाने अगदी दारात आणून सोडलं."

"काल?"

"काल दुपारीच गेलो घरी. सकाळीच सांगितलं होतं सगळ्यांना, दुपारनंतर मी नाही म्हणून."

"शोधलंस सगळीकडे?"

"सगळं तळघर मी स्वतः पालथं घातलं. दोघांच्या पिशव्यासुद्धा."

"पोलिसांना कळवायचं का?"

"नको नको!" मालक पटकन म्हणाले. "घरातली भानगड आहे. घरातच मिटवू. दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवलंय. सांगितलंय, जो दुसऱ्याबद्दल खरं सांगेल त्याला मी काही करणार नाही. बाबा यायच्या आत मला नाव पाहिजे."

"आजोबा नकोत? नुसतं नाव?"

मालक वळले. ते आपल्या खोलीत गेले. दार आपटलं. बाईंच्या कानात दडा बसला.

*

भाची चहाच्या खोलीत स्टुलावर बसली होती. रडून रडून नाक लाल झालेलं.

"आधी पाणी पी," बाई म्हणाल्या.

"पाणीच नाही. जार रिकामा आहे. कालच नवा लावला होता, आज थेंब नाही. बिस्किटांचा डबाही रिकामा. आत्या, आजोबांची चोरी माझ्यावर आहेच, आता बिस्किटांचीही घाल!"

"घालते. आधी सांग, काल काय झालं?"

"धडा झाला. तुझाच, आयदर–ऑरचा. मग कानसेनने शांतता लावली. आम्ही वर जाऊन चहा घेतला."

"दोघं सोबत? सगळा वेळ?"

"जिन्याच्या तोंडाशीच, पायरीवर. कुणी खाली गेलं नाही, कुणी वर आलं नाही. यायला-जायला दुसरा रस्ताच नाही. मग मी खाली येऊन पर्स घेतली आणि निघाले. कानसेन मागाहून आला आणि बंद करून गेला."

"आजोबांना कानटोपी कुणी घातली?"

"त्याने. तोच घालतो."

"तू नाहीस?"

"नाही गं." तिने नाक पुसलं. मग हळूच म्हणाली, "आत्या, मालक म्हणतात, तो तर म्हणतोय की टोपी मी घातली. तो असं का म्हणेल? मी सकाळपासून त्या पायरीवरचा चहाच आठवतेय. तो काल गप्प गप्प होता. मी नाही घेतले, हे मला माहीत आहे. मग उरतं कोण?"

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या दोन नावांचं विष कुठवर चढलंय, ते त्यांना दिसत होतं.

"सकाळी काय झालं?"

"मी कुलूप काढलं, आत आले, सरळ रेकॉर्डिंगच्या खोलीत गेले. म्हटलं, थोरले मालक येणार, आजोबांना पुसून ठेवू. टोपी उचलली, तर खाली नुसता स्टँडचा दांडा! मी ओरडले. तेवढ्यात बाहेरचं दार धाडकन वाजलं आणि मालक आले."

"त्यांना येताना पाहिलंस?"

"आवाज ऐकला ना. तो आवाज दुसऱ्या कुणाचा असतो का?"

*

कानसेन वायरींच्या कोठीत उभा होता. बसायला जागाच नव्हती. त्याने बाईंकडे पाहिलं नाही.

"बाई, मी तिचं नाव घेणार नाही."

"मी कुठे म्हणतेय घे?"

"पण मालक म्हणतात, ती माझं घेतेय."

"अजून घेतलेलं नाही. कानटोपी कुणी घातली, ते सांग."

"तिने."

"डोळ्यांनी पाहिलंस?"

तो गोंधळला. "पाहिलं असं नाही. ती चहावरून माझ्याआधी खाली आली. मी आलो, यंत्र थांबवलं, खोलीचं दार जरासं उघडलं. आत दिवे बंद होते. पॅसेजच्या उजेडात दिसलं, टोपी घातलेली आहे. म्हटलं, पोरीने माझं काम केलं. दार हळू लावलं आणि गेलो."

"तिला विचारलं नाहीस?"

"झालेल्या कामाबद्दल काय विचारायचं?"

इतक्यात बाहेर मालकांचं दार वाजलं, धाड! कानसेनचा उजवा हात आपोआप छातीपर्यंत वर आला, बोटं पसरली, जणू काही तरी झाकायला. आणि खाली गेला.

"हे काय केलंस?"

"काय? काही नाही." मग तो ओशाळून हसला. "सवय आहे. दार वाजलं की हात टोपीकडे जातो. तिचाही जातो. थोरल्या मालकांनी लावलेली सवय."

बाई क्षणभर त्याच्या हाताकडे पाहत राहिल्या.

"मला सांग, कालची शांतता आहे ना यंत्रात?"

"असणार. का?"

"ऐकलीस का ती?"

"शांतता कोण ऐकतं, बाई?"

"मी ऐकणार आहे. चल."

*

मालकांना हे मुळीच पटलं नाही. "बाई, वेळ नाही! बाबा निघाले असतील. त्यात तुम्ही रिकाम्या खोलीचा आवाज ऐकताय?"

"पाच मिनिटं दे. मग तू म्हणशील ते नाव मी स्वतः तिच्याकडून वदवून घेते."

त्या एका वाक्याने भाचीचा चेहरा पांढरा पडला. मालकांचा मात्र जरा सैल झाला. चौघे यंत्राच्या खोलीत आले. काचेपलीकडे रिकामा स्टँड दिसत होता. त्याच्या टोकावर सकाळी भाचीने तशीच परत अडकवलेली कानटोपी. लांबून पाहिलं तर आजोबा जागेवर आहेत असंच वाटावं.

कानसेनने आवाज वाढवला. आधी एक बारीक घूं. खोलीचा श्वास म्हणा हवं तर. भिंतीमागे कुठे तरी पाइपातून पाणी उतरलं. पुन्हा घूं. भाचीने डोळे मिटले.

मग खुट्ट. दार उघडल्याचा आवाज. जड पावलं. काही तरी चाचपडल्यासारखं, कागदांची सळसळ. पावलं परत. आणि—

धाड!

भाचीचा हात छातीपर्यंत उठला. कानसेनचाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

त्यानंतर काहीच आलं नाही. घूंसुद्धा नाही.

"संपलं?" बाईंनी विचारलं.

"नाही. यंत्र चालूच आहे." कानसेनने आवाज आणखी वाढवून पाहिला. "पण बाई, ही शांतता नाही. हे काहीच नाही. आजोबा मेले इथे. पट्टी तुटली."

"कळलं?" मालक एकदम म्हणाले. "म्हणजे यांनी आधी मोडला आणि मग लपवला! एक तर—"

"बस खाली," बाई म्हणाल्या.

शाळेतला तो आवाज होता. मालक बसले.

"तुला आठवतं का," बाईंनी विचारलं, "मी आयदर–ऑर कसं शिकवायचे?"

"बाई, आत्ता?"

"आत्ताच. कालचा धडा याच दोघांनी रेकॉर्ड केला, त्यांनाही पुन्हा ऐकू दे. पुस्तकात तो प्रकार फार सोपा दिसतो. दोन गोष्टी, त्यातली एक. पण माणसं बोलताना तो कधी वापरतात? एक, जेव्हा त्यांना माहीत नसतं. चष्मा एक तर टेबलावर असेल, नाही तर गादीवर. हा अंदाज झाला. अंदाज करणारा माणूस तिसरी जागा सुचवली की लगेच तिकडे धावतो, कारण त्याला चष्मा पाहिजे असतो. दुसरं, जेव्हा पक्कं माहीत असतं, जसं आईला. एक तर दूध पी, नाही तर झोप. इथे पोराला खेळायचं असतं. पण आईने दोनच दारं उघडी ठेवलेली असतात, खेळाचं त्यांत नसतंच. पोरगं बिचारं दूध की झोप यावर डोकं खाजवत बसतं."

भाची पुसटशी हसली.

"सकाळपासून मी बघतेय, तुझं 'एक तर, नाही तर' कुठल्या जातीचं आहे. मी पोलिसांचं नाव काढलं. ज्याची वस्तू हरवली, तो म्हणाला असता, बोलवा, बाहेरचा कुणी असेल तर सापडेल. तू म्हणालास, नको नको. कारण पोलीस आले की झडती आली. तुला तिसरी जागा नकोच होती. तुला वस्तूही नको होती. नाव पाहिजे होतं. म्हणजे हा अंदाज नव्हता, हे दूध आणि झोप होतं. आणि मग मला विचार करावा लागला, या दोन दारांबाहेर तू काय ठेवलंयस."

"काय वाटेल ते बोलताय तुम्ही."

"बरं, बोलत नाही. विचारते. आज आलास कसा?"

"सांगितलं ना! रिक्षाने."

"दारापर्यंत?"

"अगदी दारापर्यंत."

भाची आणि कानसेन दोघंही एकदम मान वर करून मालकांकडे बघू लागले.

"पाय पुढे कर," बाई म्हणाल्या.

मालकांनी बूट खुर्चीखाली ओढले. पण सगळ्यांना दिसले होते. काळे, स्वच्छ. बाईंच्या चपला, भाचीचे सँडल, कानसेनचे बूट, तिघांच्याही कडांना पिवळी माती वाळून बसली होती.

"पहाटेपासून वर रस्ता खणलाय," बाई शांतपणे म्हणाल्या. "रिक्षा सोड, सायकल येत नाही. फळीवरून चिखलातून यावं लागतं. हे आज बाहेरून आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तुला माहीत नाही, कारण तू आज बाहेरून आलाच नाहीस. तू कालपासून आतच आहेस."

मालकांनी पाय आणखी आत घेतले.

"काल दुपारी तू घरी गेला नाहीस. जाणार म्हणालास, म्हणून सगळ्यांनी गेला असं धरलं. हे दोघं धड्यात होते, कुणी पाहिलं नाही. तू आपल्या खोलीत दिवाणावर पडलास आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा तळघरात चिटपाखरू नाही. तू रेकॉर्डिंगच्या खोलीत काही शोधायला गेलास. काय रे?"

मालकांनी वरच्या खिशाला हात लावला.

"चष्मा," मालक म्हणाले. "तिच्या कागदांजवळ राहिला होता."

"बाहेर पडलास आणि जन्मभराच्या सवयीने दार आपटलंस. मग, चष्मा चढवल्यावर, लाल दिवा दिसला. शांततेची वेळ, म्हणजे आजोबा उघडे. आत जाऊन बघितलंस, पट्टी लोंबत होती. मोडका मायक्रोफोन तिथेच ठेवून का नाही गेलास? कारण चोरी कुणीही करू शकतं. पण दार आपटून पट्टी तोडणारा या तळघरात एकच आहे, आणि तुझ्या बाबांना ते विचारावंसुद्धा लागलं नसतं. या दोघांकडून असं होणंच शक्य नाही. यांचे हात झोपेतसुद्धा टोपीकडे जातील. म्हणून तू आजोबांना काढून घेतलंस आणि टोपी नुसत्या दांड्यावर चढवलीस, म्हणजे लगेच कळू नये. मग यांची चाहूल लागली आणि तू खोलीत दडलास."

बाई त्या दोघांकडे वळल्या.

"आणि मग तुम्ही दोघांनी ती चूक केलीत, जी फक्त तुम्हीच करू शकता. टोपी घातलेली दिसली. हा म्हणाला, मी नाही, म्हणजे तिने. ही म्हणाली, मी नाही, म्हणजे त्याने. तुमच्याही डोक्यात दोनच दारं! दोघांपैकी एक खोटं बोलतंय असं याला भासवता आलं आणि तुम्हालाही वाटू लागलं. खरं म्हणजे दोघंही खरं बोलत होतात. टोपी ना त्याने घातली, ना तिने."

भाचीने तोंडावर हात ठेवला. कानसेन खाली बघत होता. मग त्याने नुसतं म्हटलं, "मी तुझं नाव घेतलं नाही गं."

"मी मनात घेतलं," ती म्हणाली. "तोंडाने नाही. पण मनात घेतलं."

"मीही," तो म्हणाला.

मालक खुर्चीत खचले होते. "त्याने कुलूप लावलं," ते पुटपुटले. "बाहेरून. माझ्याकडे चावी नव्हती. फोन केला असता, तर कळलं असतं मी इथे आहे. रात्रभर... बाई, या तळघरात रात्री भिंती जवळ येतात हो."

"म्हणून जारातलं पाणी संपलं आणि बिस्किटंही. सकाळी ही आत गेल्यावर तू बाहेरचं दार उघडून आपटलंस आणि आल्याचं सोंग केलंस. पण आजोबांना बाहेर नेणार कसं? भर सकाळी, हातात घेऊन? म्हणून ते अजून इथेच आहेत. सगळं तळघर तू 'स्वतः' पालथं घातलंस. एक खोली सोडून. दिवाणाच्या पोटात ना?"

मालकांनी होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे रात्रभर आजोबांच्या उरावर झोपलास!"

भाचीला एकदम हसू फुटलं, तसंच रडूही. कानसेनने खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. तो वायरींच्या धुळीने काळा झाला होता. तिने तरीही घेतला.

"बाबांना काय सांगू मी?" मालक म्हणाले. त्यांचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता. "उद्या त्यांचा घसा कापणार आहेत. आज शेवटचं वाचायला येतायत. आणि मी त्यांना मोडके आजोबा देऊ? लहानपणापासून त्यांचं एकच वाक्य ऐकत आलोय. दार हळू. दार हळू. एवढी एक गोष्ट मला जमली नाही."

"म्हणून या दोन पोरांचा संसार मोडायचा?"



आणि तेव्हा लोखंडी दाराची कडी वाजली. हळू, दोनदा. मग काठीचा आवाज.

चौघेही तसेच थांबले. बाईंनी मालकांकडे पाहिलं. चावी त्यांच्याच खिशात होती.

"बाई, काय करू? एक तर खरं सांगून—"

"ते दोनचं गणित आता पुरे," बाई म्हणाल्या. "आधी दिवाण उघड."

मालक उठले. आपल्या खोलीत गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात, कोटात गुंडाळलेले, आजोबा होते. ते लोखंडी दाराशी गेले. कुलूप काढलं.

थोरले मालक आत आले. वाकलेले, बुटांना पिवळा चिखल, गळ्याभोवती मफलर. त्यांनी आधी लेकाच्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"दार आपटलं, बाबा," धाकटे मालक म्हणाले. "मी. आणि यांच्यावर ढकलत होतो."

थोरल्या मालकांनी कोट बाजूला केला. जाळीतून आत डोकावले. बराच वेळ.

"पट्टी बदलता येते," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी दोनदा बदललीय. एकदा तर माझ्याच शिंकेने गेली होती." मग ते भाची आणि कानसेनकडे वळले. "यांच्यावर ढकललंस, ते कसं बदलणार आहेस, ते तू बघ."

"आज पट्टी बसायची नाही," कानसेन म्हणाला. "पण साधा मायक्रोफोन लावतो. तुमचा आवाज त्यातही तुमचाच येईल."

"मग उशीर कशाला? घसा आहे तोवर वाचतो."

भाचीने कागद सारखे केले. थोरले मालक रेकॉर्डिंगच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसले आणि घसा खाकरला. कानसेनने काचेपलीकडून हात वर केला. दार अजून उघडं होतं.

दाराशी धाकटे मालक उभे होते. त्यांनी दार दोन्ही हातांनी धरलं, जणू आत कुणी बाळ झोपलंय, आणि लोटू लागले. थोडं. अजून थोडं. लागलं कधी, ते यंत्राच्या खोलीत बसलेल्या कानसेनलासुद्धा ऐकू आलं नाही.